पाण्यात पाहणे

मला पोहता येत नाही. आमच्या सोसायटीच्या तलाव-समितीवर माझी बिनविरोध निवड झाली ती याच गुणावर. "पोहणारा माणूस स्वतःच्या वेळा सांभाळणार. आपल्याला निःपक्षपाती माणूस हवा," असं अध्यक्ष म्हणाले आणि सभेतल्या एकूण एक माना माझ्याकडे वळल्या. शिवाय मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. म्हणजे वर्तमानकाळात मला काही काम नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लहानपणी वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला गावच्या विहिरीत ढकललं होतं. डबा उत्तम पोहला. मी त्याच्या खाली होतो. त्या दिवसापासून माझा पाण्याशी संबंध तांब्यापुरता उरला आहे. हेही मी सभेत सांगून पाहिलं. "तुम्हांला उतरायचं नाहीच आहे हो, काठावरून बघायचंय," अध्यक्ष म्हणाले. काठावरून बघणं हा तर इतिहासाच्या मास्तराचा धंदाच. मी हो म्हटलं.

समितीपुढचं काम एकच होतं. आमचा तलाव पंधरा मीटर लांब, आठ मीटर रुंद, पोटात दीड लाख लिटर पाणी. त्याला बिल्डरनं जो फिल्टर बसवून दिला होता तो तिसऱ्या वर्षी गाळायचं सोडून गळायला लागला होता. नवा घ्यायचा होता. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तो बाजारात गेला असता. मी लायब्ररीत गेलो.

सुरुवात अर्थातच मोहेंजोदडोपासून केली. (इतिहासाच्या मास्तराला घरातला नळ दुरुस्त करायला सांगितला तरी तो मोहेंजोदडोपासूनच सुरुवात करतो, असं आमच्या हिचं मत आहे.) १९२५-२६ च्या सुमारास तिथं जे महास्नानगृह उकरून काढलं, ते साधारण बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल. विटा काटेकोर बसवलेल्या, पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर, शेजारच्या खोलीत विहीर आणि पाणी सोडून द्यायला कमानीची भलीमोठी मोरी. सगळं होतं, फिल्टर नव्हता. पाणी भरायचं, बुचकळायचं, मळलं की सोडून द्यायचं. साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती बिल्डिंग आहे आणि तिथलं डांबर अजून जागेवर आहे, हे वाचून मला आमच्या बिल्डरची आठवण झाली आणि मी पान उलटलं.

रोमन लोकांनी तर स्नानाला राज्यकारभारापेक्षा जास्त महत्त्व दिलं. पण तिथल्या सार्वजनिक हौदांतलं पाणी कसं असे, ते खुद्द सम्राट मार्कस ऑरेलियस लिहून गेला आहे. तेल, घाम, मळ आणि तेलकट झालेलं पाणी, अशी त्यानं यादीच दिली आहे. हा माणूस तत्त्वज्ञ कसा झाला, याचा उलगडा मला इथं झाला. केल्सस नावाच्या ग्रंथकारानं बजावलं होतं, की अंगावर जखम असेल तर सार्वजनिक स्नानगृहात जाऊ नका, ती चिघळेल. म्हणजे पाण्यात काहीतरी आहे एवढं त्यांना कळलं होतं. काढायचं कसं ते कळलं नव्हतं.

आमच्याकडं मात्र सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याच्या सात वस्तू सांगून ठेवल्या आहेत. निवळीचं बी, गोमेद, कमळाचा कांदा, शेवाळाचं मूळ, कापड, मोती आणि मणी. मी ही यादी उत्साहानं खजिनदारांना वाचून दाखवली. मोती ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला. शेवाळाचं मूळ ऐकल्यावर मामा म्हणाले, "शेवाळ आपल्याकडं हाय की लई. पाणी कुठं निवळतंय?"

मामा म्हणजे आमच्या तलावाचे राखणदार. साताऱ्याकडचे. सगळी सोसायटी त्यांना मामा म्हणते आणि एका भाच्यालाही त्यांचं आडनाव ठाऊक नाही. सोसायटीत येण्यापूर्वी वीस वर्षं ते एका शहराच्या पाणीपुरवठ्याच्या फिल्टर हाऊसवर बिगारी होते. ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक होती, पण मी तिला महत्त्व दिलं नाही. बिगाऱ्याच्या अनुभवाला संदर्भग्रंथ म्हणत नाहीत, अशी आमच्या पिढीची शिकवण.

इंग्लंडचा इतिहास त्याहून मजेशीर. १८४६ साली तिथं सार्वजनिक स्नानगृहांचा कायदा झाला आणि गावोगाव पोहण्याचे तलाव बांधले गेले. फिल्टर तिथंही नव्हता. पाणी भरायचं आणि आठवडाभर वापरून ओतून द्यायचं. मग काही ठिकाणी तिकिटाचे दर पाण्यावर ठरत. ताज्या पाण्याच्या दिवशी जास्त पैसे, मळक्या पाण्याच्या दिवशी कमी. पैसेवाले आपला मळ सोडून घरी जात आणि दोन दिवसांनी गरीब लोक तोच मळ स्वस्तात विकत घेत. मी ही कल्पना खजिनदारांच्या कानावर घातली नाही. त्यांना ती आवडली असती.

एवढा अभ्यास झाल्यावर विक्रेत्यांना बोलावलं. तिघे आले. मुलगी बघायला यावं तसे कांदेपोहे खाऊन तिघांनी आपापलं स्थळ पुढं केलं.

पहिला वाळूवाला. एक गोल, ढेरपोट्या टाकीत साधारण अर्ध्या मिलिमीटरची गारेची वाळू. पाणी वरून आत जातं, मळ वाळूत अडकतो, खालून स्वच्छ पाणी बाहेर. वीस ते चाळीस मायक्रॉनपर्यंतचा कण हा अडवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. (हे ऐकून अध्यक्षांनी डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्याकडं मोजायला फारसं काही नव्हतं.) वाळू पाच-सात वर्षांनी बदलली की झालं. वागायला सरळ, खर्च बेताचा, खोड एकच: धुताना पाणी फार पितो.

दुसरा कार्ट्रिजवाला. चुण्याचुण्यांच्या कापडाचं नळकांडं. परकराच्या निऱ्या कराव्यात तशा घड्या. दहा-वीस मायक्रॉनपर्यंत गाळतं आणि उलटं पाणी सोडून धुवायला लागत नाही, म्हणजे पाणी वाचतं. मात्र दर थोड्या दिवसांनी बाहेर काढून पाइपनं घडी न् घडी धुवायची, तेलकटपणा जायला रात्रभर भिजत घालायचं आणि दोन-तीन वर्षांनी नवं आणायचं. म्हणजे लाडावलेलं, पण गुणी.

तिसरा पावडरवाला. याच्या जाळीवर एक पांढरी माती बसवायची. ही माती म्हणजे डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांचे लाखो वर्षांचे सांगाडे. तीन ते पाच मायक्रॉनचा कणही सुटत नाही. याचं घराणं मोठं. याच मातीत नायट्रोग्लिसरीन मुरवून १८६७ साली आल्फ्रेड नोबेलनं डायनामाइट केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला आमांशानं हैराण केलं. त्या अमीबाचं कवच क्लोरीनला दाद देईना, तेव्हा ही माती वापरून ते गाळून काढलं. एकीकडं माणसं उडवायची, एकीकडं जगवायची, असा संमिश्र इतिहास. पण प्रत्येक धुण्यानंतर नवी पावडर घालायची आणि घालताना ती नाकात जाऊ द्यायची नाही, म्हटल्यावर खजिनदारांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. मला मात्र सुश्रुताची आठवण झाली. शेवाळानं पाणी निवळतं, हे अगदीच खोटं नव्हतं!

एक चौथाही आला होता, आगंतुक. तो यंत्र-झाडूवाला. तलावाच्या तळाशी आपोआप फिरून गाळ ओढणारं यंत्र. १९७४ साली दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए नावाच्या इंजिनिअरनं फिल्टरच्या मोटारीच्या ओढीवरच चालणारं असं एक यंत्र केलं आणि तेव्हापासून ही जमात जगभर सरपटते आहे. मामांनी त्याच्याकडं टक लावून पाहिलं. लांब दांडीच्या ब्रशनं भिंती घासायच्या आणि तळाला व्हॅक्यूम मारायचा, हे त्यांचं काम. मी चौथ्याला परत पाठवलं. आयुष्यात मी जे थोडे शहाणे निर्णय घेतले त्यांतला हा एक, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

कारण त्यानंतरचा निर्णय मूर्खपणाचा होता.

वाळूचा फिल्टर आला. बसला. काठावर मी वहीत लिहून घेतलं: बॅकवॉश म्हणजे पाणी उलटं खालून वर सोडायचं. वाळू फुगते, अडकलेला मळ सुटतो आणि मोरीवाटे जातो. काचेच्या डोळ्यातलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालू ठेवायचं, मग अर्धा मिनिट रिन्स, नाहीतर उरलेला मळ परत तलावात. मोटार बंद केल्याशिवाय व्हॉल्व्ह फिरवायचा नाही. हे सगळं लिहून झाल्यावर मी मास्तरकीला साजेशी एक नोटीस चिकटवली: 'फिल्टरचा बॅकवॉश रोज सकाळी करण्यात येईल.'

मामा नोटिशीपुढं बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "सायेब, रोज नगं. काटा चढू द्या. धुतल्यावर बारावर हाय, तो वीस-बाविसावर गेला की मग धुवू."

"मामा, आपण अंघोळ रोज करतो ना?"

"आपुन करतो. पण चहाची गाळणी नवी असती तवा भुकटी खाली उतरती बगा. जरा जुनी झाली की गाळती नीट. लई धुतली तर वाळू कोरी पडती. कोऱ्या वाळूतनं समदं निसटतंय."

मी हसलो. मळानं मळ गाळायचा, हा तर्क मला फारच ग्रामीण वाटला. नोटीस राहिली आणि मामांनी रोज सकाळी बॅकवॉश केला. प्रत्येक वेळी दीड-दोन हजार लिटर पाणी मोरीत. ते भरून काढायला टँकर. मी रजिस्टरवर रोज सही करत होतो.

एप्रिलअखेर मामांचा नातू सुट्टीला आला. अकरा वर्षांचा काटकुळा पोरगा. त्याच्या गावची विहीर त्या वर्षी आटली होती. दुपारी एक ते तीन तलाव बंद असतो. "पोरगं सायेब जरा डुबकी मारल," असं मामांनी विचारलं आणि मी "मारू द्या की," म्हटलं. तोंडी. रजिस्टरात लिहिलं नाही. तो पोरगा पाण्यात शिरला की पाण्याला कळत नसे, इतकं सुरेख पोहायचा. मी खिडकीतून बघत बसायचो. जन्मभर काठावर बसलेल्या माणसाला पोहणाऱ्याचा हेवा वाटत नाही, गंमत वाटते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाणी धुरकट झालं. दुसऱ्या आठवड्यात हिरवं. तिसऱ्या आठवड्यात तळाच्या फरश्या दिसेनात. मी अध्यक्षांना धीर दिला की, २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा तलाव एका रात्रीत हिरवागार झाला होता. कुणीतरी त्यात ऐंशी लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, त्यानं क्लोरीनच मारून टाकलं आणि शेवाळाला रान मोकळं मिळालं. सगळ्या जगानं ते टीव्हीवर पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "त्यांच्याकडं कुणी ओतलं ते कळलं. आपल्याकडं कोण?"

उत्तर सोसायटीनं शोधून ठेवलं होतं. दुपारी कुणीतरी त्या पोराला पाण्यात पाहिलं होतं. मराठीत 'पाण्यात पाहणे' याचा दुसरा अर्थ काय, ते तुम्हांला सांगायला नकोच. दोन दिवसांत सभेची सूचना लागली. विषय एक: बाहेरच्या व्यक्तींमुळे तलावाचं पाणी दूषित होण्याबाबत. विषय दोन: तलाव पूर्ण उपसून नव्यानं भरण्याबाबत. विषय तीन: राखणदारास नारळ देण्याबाबत. (सूचनेत 'सेवामुक्त' असा शब्द होता. सूचनेत नेहमी असाच शब्द असतो.)

सभेच्या आदल्या रात्री मी पुन्हा पुस्तकं काढली. खरं सांगायचं तर मी स्वतःला वाचवायला निघालो होतो. पोरीला, विरजणाला आणि पाण्याला दृष्ट लागते, असा काही पुरावा मिळाला असता तर तोही मी घेतला असता. मिळाला तो वेगळाच.

स्कॉटलंडात पेस्ली नावाचं गाव आहे. तिथल्या जॉन गिब या कापड धुण्याच्या कारखानदारानं १८०४ साली आपल्या कामासाठी वाळूतून पाणी गाळलं आणि उरलेलं गावाला विकलं. १८२९ साली लंडनला चेल्सीच्या पाणीपुरवठ्यासाठी जेम्स सिम्प्सननं वाळूचे मोठे वाफेच बांधले. लोकांना वाटत होतं, वाळू म्हणजे चाळणी. पण १८९२ साली हॅम्बुर्गला कॉलरा आला. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही चिकटून असलेली दोन शहरं, दोन्ही एल्ब नदीचंच पाणी पिणारी. आल्टोना तर खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण पोटात घेतलेलं पाणी त्यांच्या वाट्याला. तरीही हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं गेली आणि आल्टोना बव्हंशी वाचलं. काही ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूला कॉलरा आणि दुसऱ्या बाजूला नाही. फरक एकच होता: आल्टोना पाणी वाळूतून गाळत होतं, हॅम्बुर्ग नव्हतं. रॉबर्ट कॉखनं स्वतः हे तपासलं.

आणि गाळत काय होतं? नुसती वाळू नव्हे. संथ वाहणाऱ्या पाण्यात वाळूच्या माथ्यावर हळूहळू एक बुळबुळीत साय धरते, चिखलाची, शेवाळाची, सूक्ष्म जिवांची. खरं काम बरंचसं ती साय करते. वाफा नुकताच खरवडला असेल तर तो नीट गाळत नाही; साय पुन्हा धरेपर्यंत थांबावं लागतं. जर्मन लोक तिला 'श्मुत्सडेके' म्हणतात. शब्दशः, मळाची गोधडी.

मी चष्मा काढून ठेवला. आमच्या टाकीत पाणी जोरानं जातं, तिथं असली जिवंत साय धरत नाही. पण पुढच्याच प्रकरणात आमच्यासारख्या फिल्टरबद्दल लिहिलं होतं, की पहिला मळ वाळूच्या फटी अरुंद करतो आणि मग त्याहून बारीक मळ अडकतो. वरचेवर बॅकवॉश केला तर गाळणं बिघडतं. मामांची चहाची गाळणी! मी रोज धुऊन वाळू कोरी ठेवत होतो, रोज क्लोरीनचं पाणी मोरीत सोडत होतो आणि त्याच्या जागी बिनक्लोरीनचं टँकरचं पाणी भरत होतो. तलाव हिरवा करायला ऐंशी लिटर पेरॉक्साइड लागत नाही. एक मास्तर पुरतो.

सभा गच्च भरली. एरवी कोरमसाठी माणसं घरातून ओढून आणावी लागतात. कुणाला तरी काढून टाकायचं असलं की खुर्च्या कमी पडतात. "शेवटी हायजीनचा प्रश्न आहे. ही मुलं कुठून येतात, कधी अंघोळ करतात..." असं एक गृहस्थ म्हणत होते. दर रविवारी त्यांच्याकडं पाहुणे येतात, पाहुण्यांचे पाहुणे येतात आणि खोबरेल तेल थापून थेट तलावात उतरतात. 'अंघोळ करून मगच तलावात उतरावे' या पाटीखाली उभं राहून याच गृहस्थांनी मला विचारलं होतं, "अंघोळ करूनच यायचं तर मग इथं कशाला यायचं?"

मामा दाराशी उभे होते. त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती.

मी उठलो. पस्तीस वर्षं रोज सहा तास वर्गात बोललेला माणूस मी, पण त्या दिवशी घशाला कोरड पडली. आधी रजिस्टर पुढं ठेवलं. "रोजच्या बॅकवॉशचा हुकूम माझा. खालच्या सह्या माझ्या. मामांनी पहिल्याच दिवशी नको म्हणून सांगितलं होतं. आणि पोराला दुपारी पोहायची परवानगीही मीच दिली. पाणी हिरवं झालं ते माझ्यामुळं."

"ते तांत्रिक झालं हो," ते गृहस्थ म्हणाले. "पण बाहेरच्या पोरानं पाणी खराब होतंच ना?"

मग मला इतिहास आवरेना. मी म्हटलं, निवळीचं नुसतं नाव घेऊन पाणी निवळत नाही, असं मनुस्मृतीतसुद्धा सांगितलं आहे. मग कुणाचं नुसतं नाव ऐकून ते गढूळ कसं होतं? आपल्या महाडचं चवदार तळं. ते सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तिथं गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. ज्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती त्या तळ्यावर. त्यानंतर तळं बाटलं म्हणून गावातल्या सवर्णांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही त्यात ओतून ते 'शुद्ध' केलं. पाण्यात शेण घालून पाणी स्वच्छ करण्याची ही जगातली एकमेव पद्धत असेल. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा खटला पुढं दहा वर्षं चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात सवर्णांचं अपील फेटाळलं गेलं.

"आणि हे आपल्याकडंच होतं असं नाही," मी म्हटलं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी १८ जून १९६४ रोजी काळी आणि गोरी माणसं मिळून एका मोटेलच्या तलावात उतरली. तिथं काळ्यांना बंदी होती. मॅनेजरनं काय करावं? तलाव साफ करायचं ॲसिड आणून त्यांच्याभोवती पाण्यात ओतलं. ती छायाचित्रं जगभर छापून आली. नागरी हक्कांचं विधेयक दुसऱ्याच दिवशी तिथल्या सिनेटनं मंजूर केलं. ते बऱ्याच दिवसांपासून चर्चेत होतं, पण त्या ॲसिडच्या बाटलीनं चर्चेत भर घातली असणारच.

"इथं जातीबितीचा काय संबंध?" गृहस्थ लाल झाले. "आम्ही फक्त स्वच्छतेबद्दल बोलतोय."

"महाडलाही शुद्धीबद्दलच बोलत होते," मी म्हटलं आणि बसलो. बसताना पाय लटपटत होते.

यानंतर सभेत परिवर्तन झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. खजिनदारांनी हिशेब केला, की तलाव उपसून भरायचा तर दहा हजारी टँकर पंधरा लागतील. तो आकडा ऐकून सभा विरघळली. विषय दोन नामंजूर. विषय तीन पुढील सभेत. विषय एकावर असं ठरलं, की सुट्टीपुरती तलाव-समितीच्या जबाबदारीवर परवानगी असावी. इतिहासानं जे जमलं नाही ते टँकरनं केलं. इतिहासाच्या मास्तराला याचं फारसं आश्चर्य वाटत नाही.

मग मामांनी तलाव हातात घेतला. बॅकवॉश बंद. मोटार रात्रंदिवस चालू. भिंती ब्रशनं घासल्या. क्लोरीन घातलं ते सूर्य मावळल्यावर, कारण उन्हात ते उडून जातं. पाण्याचा पीएच चढला होता तो साडेसातच्या आसपास आणायला थोडं ॲसिड मोजून घातलं, पोरांना दूर उभं करून. तीच ती बाटली; धरणारा हात वेगळा. मेलेलं शेवाळ तळाशी बसलं ते व्हॅक्यूमनं ओढून थेट मोरीत सोडलं. मला आता रजिस्टरावर काट्याचा आकडा लिहायचं काम होतं. बारा. तेरा. पंधरा. मी हात लावला नाही. पाचव्या दिवशी तळाच्या फरश्या दिसल्या.

"आता शंभर टक्के स्वच्छ?" मी विचारलं.

"शंबर कुठलं, सायेब? पान्यात मानूस हाय की."

यालाही पुस्तकात आधार निघाला. १९२६ साली गेज आणि बिडवेल या दोन अमेरिकनांनी गणित मांडलं, की तलावभर पाणी एकदा फिल्टरमधून फिरवलं तर त्रेसष्ट टक्केच गाळलं जातं, कारण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. दोनदा फिरवलं तर शहाऐंशी, तीनदा पंच्याण्णव, चारदा अठ्ठ्याण्णव. शंभर कधीच नाही. आणि तलावावर जो उग्र वास येतो, ज्याला आपण स्वच्छतेचा वास समजतो, तो निव्वळ क्लोरीनचा नसतोच. क्लोरीन घामाशी आणि (वाचकांनी क्षमा करावी) लघवीशी झुंजलं की येतो. नोटीस काढून टाकून मी तिथं नवी लावली: 'वास येतो तो आपलाच.' ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी फाडली.

वर्षानं फिल्टरचं झाकण उघडून वाळू तपासली. समितीच्या वतीनं मी हजर होतो. वर केसांचे गुंते, तेलाच्या गुठळ्या, एक हेअरपिन आणि एक कवडी. रविवारचे पाहुणे कोणते, डॉक्टर कोणते, मामांचा नातू कोणता, मला काही ओळखता येईना. मी मामांना विचारलं. त्यांनी वाळू चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, "तेल लई हाय. तेल पोरगं लावत न्हाई."

त्या उन्हाळ्यात पोरगा पुन्हा आला होता. समितीच्या जबाबदारीवर. एका संध्याकाळी, चांगली गर्दीची वेळ साधून, तो माझ्यापुढं उभा राहिला. "आजोबा, तुमी रोज नुसतं काठावरच का बसताय?"

मी डब्याची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला. "डबा कशाला? आडवं पडायचं. पाणी बुडवत नसतंय. आपुन धडपडतो म्हणून बुडतो."

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, दोन अंघोळी करून, मी पाण्यात उतरलो. त्यानं मानेखाली हात धरला, मामांनी काठावरून "पाय सोडा, सायेब," असं सांगितलं आणि मी आडवा झालो. कान पाण्याखाली गेले आणि पहिल्यांदाच सोसायटीतला कुणाचाच आवाज मला ऐकू येईना. डोळे उघडले तर काठावर अध्यक्ष, खजिनदार, ते हायजीनवाले गृहस्थ, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, सगळे ओळीनं उभे.

आख्खी सोसायटी मला पाण्यात पाहत होती.